लोकगीताला कर्ता असतो काय?

लोकसंगीत कशाला म्हणावे, असे विचारले असता बहुतेक सुशिक्षित माणसे एकच उत्तर देतात: ज्याचा कर्ता ठाऊक नाही आणि जे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आले, ते लोकगीत. या उत्तराचा उत्तरार्ध आम्हांस मान्य आहे. पूर्वार्ध मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठी आम्ही वाचकांस ऑस्ट्रियातील एका नदीकाठच्या धर्मग्रामात नेऊ इच्छितो.

तत्पूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. लोकगीते जुनी असली तरी 'लोकगीत' ही कल्पना तितकी जुनी नाही. योहान गॉटफ्रीड हर्डर या जर्मन विचारवंताने, जो स्वतः प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होता, १७७८-७९ मध्ये अनेक देशांतील गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि या गीतांतून त्या त्या लोकसमूहाचा आत्मा बोलतो, असे मत मांडले. विचार उदात्त खरा. परंतु गीत समूहाच्या आत्म्यातून उमटते असे एकदा ठरले की ते रचणारा हाडामांसाचा माणूस अडचणीचा वाटू लागतो.

असो. साल्झाख नदीवरील ओबर्नडॉर्फ हे मिठाची वाहतूक करणाऱ्या नावाड्यांचे गाव. तेथील संत निकोलस चर्चमध्ये १८१७ ते १८१९ या काळात योसेफ मोर हे साहाय्यक धर्मगुरू होते. विणकामावर पोट भरणाऱ्या एका अविवाहित मातेच्या पोटी १७९२ साली साल्झबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. ओबर्नडॉर्फला येण्यापूर्वी, १८१६ मध्ये, मारियाफार येथे असताना त्यांनी नाताळावर सहा कडव्यांची एक कविता लिहिली होती. शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावचे शाळामास्तर आणि चर्चचे ऑर्गनवादक फ्रान्झ झेव्हर ग्रूबर यांना त्यांनी तिला चाल लावावयास सांगितले. २४ डिसेंबर १८१८ रोजी दोघांनी ती गायिली. मोर यांनी गिटारची साथ केली. आज सर्व जग तिला 'सायलेंट नाइट' या नावाने ओळखते. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही प्रवचनांतून रंगवून सांगितली जाणारी कथा मात्र मागाहून जोडलेली आहे. ग्रूबर यांच्या निवेदनात तिचा मागमूसही नाही.

यापुढील प्रवास आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. ऑर्गन दुरुस्त करणारा कार्ल माउराखर हा कारागीर ते गीत आपल्या झिलरटाल खोऱ्यात घेऊन गेला. तेथील स्ट्रासर भावंडे हातमोजे विकण्यासाठी जत्राजत्रांतून हिंडत आणि गात. १८३१-३२ च्या हिवाळ्यात त्यांनी लाइपझिग येथे ते गायिले. लवकरच ड्रेस्डेनच्या एका प्रकाशकाने 'चार अस्सल टिरोली गीते' अशा मथळ्याखाली ते छापले. कवीचे नाव नाही, संगीतकाराचे नाव नाही! गीत टिरोलचे नव्हते आणि दोन्ही कर्ते हयात होते. तरीही अवघ्या पंधरा वर्षांत ते 'अस्सल' लोकगीत ठरून गेले.

१८५४ साली बर्लिनच्या राजदरबारातील वाद्यवृंदाने साल्झबर्ग येथे चौकशी केली की, हे गीत मिखाएल हायडन यांचे तर नव्हे? तेव्हा वृद्ध ग्रूबर यांना ३० डिसेंबर रोजी निवेदन लिहून स्वतःच्याच गीताचे पितृत्व सांगावे लागले. मोर यांना ते वाचता आले नाही. वाग्राइन येथे १८४८ मध्ये ते निर्धन अवस्थेत निवर्तले होते. 'अज्ञात कर्ता' हे शब्द पुष्कळदा गीताविषयी काहीच सांगत नाहीत, केवळ संग्राहकाने चौकशी कोठे थांबवली तेवढे सांगतात, असे आम्हांस वाटते ते यामुळेच.

मग कर्ता सापडला म्हणून हे लोकगीत नव्हे काय? इंग्लंडमधील संग्राहक सेसिल शार्प यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात लोकगीताच्या घडणीची तीन तत्त्वे सांगितली: सातत्य, बदल आणि निवड. १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने त्यांच्याच आधारे व्याख्या केली आणि एका व्यक्तीने रचलेले गीतही समाजाच्या अलिखित परंपरेत मुरले तर लोकसंगीत होऊ शकते, असे स्पष्ट केले. जे गीत तयार घेतले आणि जसेच्या तसे ठेवले, ते मात्र वगळले. ही कसोटी आम्हांस पटते. लग्नमांडवात ध्वनिवर्धकावर वाजणारी जुनी ध्वनिफीत केवळ जुनी म्हणून लोकगीत होत नाही. उलट ज्यांच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव गुंफलेले असते ते अभंग दिंडीत कोण्या एकाचे राहत नाहीत, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको.

ग्रूबर यांच्या हस्तलिखितातील चाल आणि आज गायिली जाणारी चाल यांत काही स्वरांचा फरक आहे. तो कोणी पंडिताने केलेला नाही, गाणाऱ्यांच्या गळ्यांनी केला. निवडही झाली. सहा कडव्यांपैकी आज सर्वत्र बहुधा तीनच म्हटली जातात: पहिले, सहावे आणि दुसरे.

परंतु लोकांची निवड नेहमीच शहाणी असते, असे आम्ही म्हणणार नाही. गळालेल्या तीन कडव्यांत चौथे आहे. नेपोलियनची युद्धे १८१५ मध्ये संपली, त्यानंतर वर्षभरातच एका तरुण धर्मगुरूने त्यात लिहिले की, येशूने भाऊ होऊन जगातील सर्व राष्ट्रांना कवटाळले आहे. पाळण्यातील बाळ आणि शांत रात्र लोकांनी ठेवली. राष्ट्रांचा उल्लेख वाटेत सांडला. तो मुखपरंपरेने जपला नाही, कागदाने जपला. मोर यांच्या स्वतःच्या हातची प्रत तर १९९५ मध्ये उजेडात आली. तीवर शब्द आपले, १८१६ सालचे, आणि चाल ग्रूबर यांची, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे.