साहेबाला उकडत होतं तेव्हा

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं होतं, ते बरंचसं काढलंय.

माझा एक मित्र दीड वर्षापूर्वी कंपनीच्या कामासाठी दार-ए-सलामला गेला. गेल्या गेल्या त्याला तिथल्या भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲड केलं गेलं. त्या ग्रुपवर काय चालतं? मलेरियाची गोळी रोज घ्यायची की नाही? लाईट गेल्यावर फ्रीजमधल्या दुधाचं काय करायचं? तांदळाच्या डब्यात मुंग्या होतात, उपाय सांगा. कामवाल्या बाईंना किती द्यायचे? मुलांना इथल्याच शाळेत घालायचं की पुण्याला आजीकडे पाठवायचं? तो मला हे स्क्रीनशॉट पाठवून हसत होता, आणि मला सारखं वाटत होतं की हे मी कुठेतरी आधी वाचलंय. मग लक्षात आलं. हेच्या हेच प्रश्न दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या इंग्रजांना पडले होते. फक्त तेव्हा परक्या मुलखात घामाघूम झालेला माणूस तो होता आणि "इथले लोक" म्हणजे आपण.

अर्थात एक फरक आधीच सांगून टाकतो. माझ्या मित्राला दर वेळी वर्क परमिट रिन्यू करावं लागतं. साहेब इथे राज्य करत होता. तरी गंमत बघा, १८३३ पर्यंत इंग्रज माणसालासुद्धा भारतात राहायला कंपनीचा परवाना लागायचा. कुणीही उठून यावं असं नव्हतं.

सुरुवात जगण्या-मरण्यापासूनच करू. १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मुंबई वर्षाला १० पौंड भाड्यानं घेतली. स्वस्तात मिळाली असं वाटतं ना? पण इथे येणारी माणसं पटापट मरत होती. १६९० च्या सुमारास जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री इथे आला. त्यानं लिहून ठेवलंय की इंग्रजांमध्ये एक म्हणच पडली होती: मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. त्याच्या जहाजातून पावसाच्या तोंडावर जे २४ प्रवासी उतरले, त्यातले वीसेक जण पाऊस संपायच्या आत पुरले गेले, असा त्याचा हिशोब आहे. आपण दर जूनमध्ये "पाऊस आला, भजी करा" म्हणतो आणि या लोकांना पहिल्या ढगाबरोबर मृत्युपत्र आठवत असणार.

कारण काय, हे त्यांना माहीत नव्हतं. घाणेरड्या हवेमुळे ताप येतो, अशी पक्की समजूत होती. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा'. आता मुंबईत वाईट हवा कुठून येते? तर इथले लोक नारळाच्या बुंध्याशी सडकी मासळी खत म्हणून घालायचे. तो वास साहेबाच्या नाकात गेला आणि निदान झालं! कंपनीनं त्या खतावर बंदी घातली. ताप अर्थातच कमी झाला नाही. कोडिंगमध्ये आपण याला काय म्हणतो ते तुम्हाला माहितीये: बग एका फाईलमध्ये आणि आपण दुसरीच फाईल दुरुस्त करत बसलोय. इथे त्या दुरुस्तीत बागाईतदाराचं खत गेलं, एवढंच.

पुढचा प्रश्न, उकाडा. एसी नाही, वीज नाही. मग दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि त्यांवर माणसानं दिवसभर पाणी मारत राहायचं. बाहेरची गरम हवा ओल्या वाळ्यातून आत येताना गार होते. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. उत्तरेच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालायचं, मुंबईच्या दमट हवेत फार नाही. म्हणून मग पंखा. छताला टांगलेली लांब फळी, तिला कापडाची झालर आणि तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात. दोरीच्या त्या टोकाला एक माणूस. तो तासन्‌तास, रात्रभरसुद्धा, दोरी ओढत राहणार. हात दुखले की दोरी पायाला बांधून. आत वारा आणि बाहेर तो. या माणसाला लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

त्याआधी माझा आवडता भाग, बर्फ. या विषयावर मी दोन तास बोलू शकतो, पण आवरतं घेतो.

बोस्टनमध्ये फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक माणूस होता. त्याच्या डोक्यात आलं की आपल्याकडे हिवाळ्यात तळी गोठतात, तो बर्फ कापून गरम देशांत विकायचा. लोकांनी वेड्यात काढलं. कर्जापायी तो तुरुंगातही जाऊन आला. पण गडी थांबला नाही. १२ मे १८३३ ला 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं ते थेट कलकत्त्याकडे. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, म्हणजे आफ्रिकेला वळसा. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. चार महिन्यांनी सप्टेंबरमध्ये जहाज पोचलं तेव्हा किती बर्फ उरला होता? साधारण १०० टन! चाळीस टक्क्यांहून जास्त पॅकेट लॉस, आणि तरी धंदा फायद्यात.

कसं काय? एक तर लाकडाचा भुसा. अमेरिकेतल्या लाकूड गिरण्यांचा हा कचरा, जवळजवळ फुकट. त्यात गुंडाळलेले चौकोनी ठोकळे एकमेकांना घट्ट खेटून रचले की वितळायला उघडा पृष्ठभाग फार कमी राहतो. आणि दुसरं म्हणजे भाडं. भारतातून माल भरून आणायला अमेरिकन जहाजं निघायची, पण इकडे येताना त्यांच्यात फारसं काही नसायचं. रिकाम्या जहाजात वजनासाठी दगड भरण्यापेक्षा बर्फ भरला. परतीच्या रिकाम्या टेम्पोत स्वस्तात सामान टाकतात ना, तसंच.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जिजीभाईंनी एका मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. 'मुंबई समाचार'नं बातमी दिली की यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, म्हणजे घ्या आता! थंड खाल्लं की घसा धरतो हे आपल्या प्रत्येक आईचं मत तेव्हापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. मग १८४३ मध्ये गोदीजवळ, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, बर्फ साठवायला खास आइस हाऊस बांधलं. आज तिथे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी आहे. आणि ती आहे कुठल्या रस्त्यावर? मुंबई समाचार मार्गावर. मद्रासचं आइस हाऊस मात्र अजून उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आता ते विवेकानंदर इल्लम. पुढे यंत्रावर बर्फ बनायला लागला आणि दशकभरात अमेरिकेचा बर्फ इथून गायब झाला.

घरातल्या बारीकसारीक कटकटींसाठी साहेबांच्या बायकांकडे एक पुस्तक असायचं, 'द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक'. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी ते लिहिलं, पहिली आवृत्ती १८८८ ची. व्हॉट्सॲप ग्रुपचं पुस्तक म्हणा ना. मुंग्या, दूध, धोबी, जहाजात काय भरायचं, कोठीच्या खोलीला कुलूप लावून रोजचं सामान मोजून कसं द्यायचं, सगळं आहे. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणं हा त्या काळचा ठरलेला उपाय. आमच्या आजीच्या जाळीच्या कपाटाखाली त्या वाट्या मी स्वतः पाहिल्यात. कोण कुणाकडून शिकलं हा वाद तुम्ही कमेंटमध्ये घाला. पण याच पुस्तकात असंही आहे की नोकरांना लहान मुलांसारखं वागवावं, आणि चुकारपणा केला तर एरंडेल पाजावं. दंड कापायच्या ऐवजी एरंडेल! हे लिहिणाऱ्या स्टीलबाई पंजाबात मुलींच्या शाळांसाठी झटल्या, तिथली भाषा शिकल्या, लोककथा गोळा केल्या. म्हणजे दुष्ट बाई म्हणून निकालात काढता येत नाही, आणि एरंडेल विसरताही येत नाही.

उन्हाळ्यात पळून जायला डोंगर होते. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२० च्या दशकाच्या शेवटी महाबळेश्वर वसवलं. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना सापडलं, म्हणजे तिथल्या आदिवासींना आधीपासून माहीत होतं ते साहेबाला कळलं. महाबळेश्वरच्या बागाईतीत तिथल्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांचा हात होता. स्ट्रॉबेरी क्रीम खाताना हे आठवलं तर आठवा.

आता मलेरिया, आणि दोरीवाला माणूस.

सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये फ्रान्समध्ये क्विनीन वेगळं काढलं गेलं. १८६० च्या आसपास दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपं आणून निलगिरीत लावली. ही कडू पावडर घशाखाली उतरावी म्हणून टॉनिक वॉटर, आणि टॉनिक वॉटर घशाखाली उतरावं म्हणून जिन. १८९२ पासून बंगालमध्ये पोस्ट ऑफिसात क्विनीनच्या स्वस्त पुड्या मिळायला लागल्या. हे सगळं झालं तरी रोग पसरतो कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला तेव्हा कुठे वाट सापडली.

पण औषध पोचायचं कुणाकडे? आधी छावणीत, बंगल्यात. बाहेरच्या माणसाला हिवताप वर्षानुवर्षं येत राहायचा. वारंवार हिवताप आला की पाणथरी वाढते, म्हणजे प्लीहा सुजते. मोठी आणि नाजूक. पोटावर फटका बसला तर फुटू शकते.

आणि फटके बसायचे. पंखा ओढता ओढता रात्री डोळा लागला, आतला वारा थांबला, साहेब घामानं जागा झाला आणि लाथ घातली. घोडागाडी वेळेवर आली नाही म्हणून मारलं. माणूस मेला की डॉक्टर साक्ष द्यायचा: पाणथरी आधीच वाढलेली होती. म्हणजे मृत्यूचं कारण लाथ नाही, हिवताप. असे खटले इतके झाले की तेव्हाच्या देशी वर्तमानपत्रांत 'फुटलेली पाणथरी' हा कडवट विनोद झाला होता.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण आग्र्याचं. फुलर नावाचा इंग्रज वकील रविवारी चर्चला निघाला होता आणि गाडी तयार नव्हती. त्यानं आपल्या सईसाला, कटवारूला, मारलं. कटवारू थोड्याच वेळात मेला. कारण: पाणथरी फुटली. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली ३० रुपये दंड. व्हाइसरॉय लिटन यांनी १८७६ मध्ये यावर जाहीर ताशेरे ओढले, तर भारतातले इंग्रज लिटनवरच खवळले. आणि हेच लिटन १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणतात. इतिहासात माणसाला एका फोल्डरमध्ये टाकलं की तो दुसऱ्यातही सापडतो.

ज्या तापानं ओव्हिंग्टनच्या सोबतचे लोक मेले, तोच बहुधा कटवारूच्या अंगात होता. साहेबासाठी तो ताप म्हणजे घरी पत्र लिहिण्याचा विषय होता, आणि कटवारूच्या बाबतीत तो मारणाऱ्याचा बचाव ठरला. पंखे ओढणाऱ्या हजारो माणसांतल्या कुणाचंच नाव मला माहीत नाही. कटवारूचं माहीत आहे, कारण त्याचा खटला झाला.

शेवटचा प्रश्न मुलांचा. गरम हवेत गोरी मुलं टिकत नाहीत आणि इथल्या भाषेनं 'बिघडतात', या भीतीनं पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना विलायतेला पाठवायचे. ज्यांच्या आइस्क्रीमनं सर्दी झाली त्याच जिजीभाईंच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. तिथे जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायचे. ३० डिसेंबर १८६५ ला त्यांना मुंबईत मुलगा झाला, रुडयार्ड. आया आणि नोकरांबरोबर तो इथल्याच भाषेत बोलायचा, आई-बाबांच्या खोलीत जाताना त्याला आठवण करून द्यावी लागायची की आता इंग्रजीत बोल. १८७१ मध्ये, सहा वर्षांचाही नसताना, त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसीला एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवलं आणि आई-वडील मुलांना नीट काही न सांगता मुंबईला परतले. तिथली वर्षं फार वाईट गेली. म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही तो राग गेलेला नव्हता. पुढे साम्राज्याची भलामण करणारा हा लेखक मला फारसा आवडत नाही, पण साउथसीच्या त्या घरातलं पोर मला दिसतं.

मित्राला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मुलीला इथेच शाळेत घातलंय, स्वाहिली आमच्यापेक्षा बरी बोलते." आणि कामवाल्या बाईंनाही मलेरियाची टेस्ट आणि गोळ्या त्याच्या खर्चानं देता येतील का, हे त्यानं ग्रुपवर विचारलंय. उत्तरं येतायत, सगळी धड नाहीत.

पुढच्या एपिसोडमध्ये डाक: १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला कशी पोचली आणि पाच-सहा महिने लागणारी पत्रं कशी लवकर यायला लागली. तुमच्या घरात पाण्याच्या वाट्या ठेवलेलं कपाट असेल, तर फोटो पाठवा.