नम लॉक आणि आमच्या ह्यांची स्मरणशक्ती



पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या घोकून घेतल्या. पण आपल्या टेबलावरच्या कळफलकातही एक इतिहास दडला असेल, असे कधी मनात आले नव्हते. त्याचे असे झाले...

आमच्या ह्यांचे वय एक्याऐंशी. उभी हयात एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. आजही आमच्या सोसायटीचा जमाखर्च घरच्या संगणकावर तेच लिहितात. नजर अधू झाली आहे, पण आकडे टाकताना त्यांना खाली बघावे लागत नाही. कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांची चौकट असते ना, तिथे पाचच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो. त्यावर मधले बोट टेकले की बाकीची बोटे आपापली वाट शोधतात.

गेल्या वर्षी नवीन संगणक आला आणि सकाळी सकाळी 'पासवर्ड चुकला' असे येऊ लागले. पासवर्ड साधा, आधी काही अक्षरे आणि मग चार आकडे. ह्यांनी टाकला की चुकायचा, मी टाकला की उघडायचा! चौथ्या दिवशी हे खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "अगं, आता माझे आकडे विसरायला लागलेत. जमाखर्च दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन टाकू या."

मी गप्प बसले. ह्यांच्या थोरल्या भावांना शेवटची काही वर्षे घरची माणसेही ओळखू येत नव्हती. ते दोघांच्याही मनात आले होते, बोलले मात्र कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी खुर्ची टाकून नुसती बघत बसले. अक्षरे टाकली की पडद्यावर ठिपके उमटत होते. आकडे टाकले की काहीच नाही! नम लॉकचा दिवा बंद होता. मी आकडे टाकते ते अक्षरांच्या वरच्या ओळीतून, म्हणून माझे कधी अडले नाही. ह्यांचे चारही आकडे बरोबर होते, फक्त ते यंत्रापर्यंत पोचतच नव्हते.

मग मात्र मास्तरीण जागी झाली. ही भानगड सुरू कुठून झाली?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी आणला. त्याच्या कळफलकावर ८३ बटणे होती. बाणांची वेगळी बटणे त्यात नव्हतीच. आकड्यांच्या चौकटीलाच दोन्ही कामे दिलेली: आठवर वरचा बाण, दोनवर खालचा, चारवर डावा, सहावर उजवा. यातले कोणते काम करायचे ते नम लॉकने ठरवायचे. यंत्र सुरू होताना नम लॉक बंद, म्हणजे मान बाणांचा. आणि गंमत म्हणजे तो चालू आहे की बंद, हे सांगणारा दिवाच त्या कळफलकावर नव्हता! दाबून बघा आणि काय होते ते पाहा, एवढाच उपाय. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्राम आला. त्यात एका घरातून दुसऱ्या घरात जायला बाण हवेत आणि घर भरायला आकडे. हिशेबनिसांची किती पंचाईत झाली असेल!

१९८४ मध्ये पीसी एटीबरोबर ८४ बटणांचा कळफलक आला, त्यावर दिवे आले. १९८५-८६ च्या सुमारास १०१ बटणांचा आला आणि बाणांना स्वतःचे घर मिळाले. असा कळफलक जोडलेला दिसला की सुरुवातीची तपासणी करणारा बायॉस आपणहून नम लॉक चालू करू लागला. म्हणजे भांडण खरे तर तिथेच मिटले होते. पण जुनी सवय आणि जुने प्रोग्राम यांच्यासाठी ते बटण राहिले ते आजतागायत. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये तर सुरुवातीला ते चालू हवे की बंद, हे एका ओळीत लिहून ठेवायची सोय झाली.

मग आता पुन्हा बंद का? एक कारण लॅपटॉप. लहान लॅपटॉपवर आकड्यांची चौकट मावत नसे, म्हणून ती अक्षरांत लपवली. तिथे नम लॉक चालू राहिला की जे, के, एलच्या जागी १, २, ३ उमटत. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय!

नातवाने फोनवरून विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल सांगितला. (तिथे हात घालण्याआधी जुन्याची प्रत जरूर काढून ठेवा.) आम्ही 'इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स' शोधून तिथे २ लिहिले. तरी सकाळी दिवा बंदच! कारण ती नोंद आपण आत शिरल्यानंतरची. पासवर्ड विचारणाऱ्या पडद्याची नोंद वेगळी, 'डीफॉल्ट' नावाखाली. आम्ही दिवा घराच्या आत लावत होतो आणि कुलूप होते बाहेरच्या दाराला. तिथे २१४७४८३६४८ असा आकडा होता, त्यात दोन मिळवून २१४७४८३६५० केला. विंडोजची झटपट सुरू होण्याची सोयही बंद केली.

दुसऱ्या दिवशी हे बसले. बोट पाचवर टेकले, चार आकडे पडले, एंटर... आणि उघडले! हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने हाक आली, "अगं, चहा टाकतेस ना? मार्चअखेरचा ताळेबंद राहिलाय."

असो. खरेच विसरायला होत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. पण घरातले वडीलधारे "मला आठवत नाही" म्हणाले, तर आधी दहा मिनिटे त्यांच्या शेजारी बसून बघा. मी चार दिवस उशिरा बसले, त्याची रुखरुख अजून आहे.