विमान कंपन्यांचे विलीनीकरण
दोन किंवा अधिक विमान कंपन्यांची मालमत्ता, उड्डाणे व व्यवस्थापन एकत्र येण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. प्रवासभाड्यावरील तिचा परिणाम देशातील कंपन्यांच्या एकूण संख्येवरून कळत नाही. तो मार्गनिहाय पाहावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याहून नागपूरला येऊन मुंबईचे विमान धरणाऱ्या प्रवाशास दिल्ली–कोलकाता मार्गावरील स्पर्धेचा उपयोग नसतो. त्याच्या मार्गावरील दोन प्रतिस्पर्धी एक झाले, तर भाडेवाढीस आळा घालणारा पर्याय नाहीसा होतो. याउलट, भिन्न मार्गांवरील कंपन्या एकत्र आल्यास जोडउड्डाणांची सोय वाढून खर्च घटू शकतो.

भारतात १९५३ च्या हवाई निगम अधिनियमान्वये आठ कंपन्यांची देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली. हा अधिनियम १९९४ मध्ये रद्द होऊन ही मक्तेदारी कायद्याने संपुष्टात आली. २००७ मध्ये जेट एअरवेजने एअर सहारा विकत घेतली. २००८ मध्ये किंगफिशर व स्वस्त भाड्याची एअर डेक्कन या कंपन्या एक झाल्या. पुढे किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये, तर जेटची २०१९ मध्ये थांबली. विलीनीकरणाने कंपनी टिकतेच असे नाही, आणि ती बुडाल्यास प्रवाशाचे पूर्वीचे दोन्ही पर्याय जातात, हे यावरून दिसते.

२०२४ मध्ये विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. अशा मोठ्या विलीनीकरणास भारतीय स्पर्धा आयोगाची पूर्वमान्यता लागते. आयोगही स्पर्धेचा विचार प्रामुख्याने दोन शहरांमधील मार्ग हे एकक मानून करतो.