घरातच अलग राहा, पण कोणत्या घरात?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरातल्या पाड्यांवरची माणसे भर थंडीत अंगणात झोपू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये घराबाहेर पळताना एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. मग प्रशासनाने तंबू दिले. म्हणजे घर धोक्याचे आहे, हे सरकारनेही मान्य केले. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, मार्च २०२० मध्ये, त्याच माणसांना हुकूम आला : घराबाहेर पडू नका.

२७ एप्रिल २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने गृहविलगीकरणाच्या सूचना काढल्या. रुग्णाला आणि संपर्कातल्या घरच्यांना वेगळे राहता येईल अशी सोय, चोवीस तास काळजी घेणारा माणूस, मोबाइलवर आरोग्य सेतू. आता कारवीच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले घर डोळ्यांपुढे आणा. एकाच छपराखाली चूल, धान्य, म्हातारी, लेकरे आणि बऱ्याचदा गुरेही. कर्ता पुरुष वीटभट्टीवर, नाहीतर गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी. टाळेबंदीत यातले कितीतरी खलाशी बोटींवरच अडकले होते. चोवीस तास कोण बसणार आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? सूचना चुकीच्या नव्हत्या, शास्त्र त्यांच्या बाजूने होते. पण त्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फ्लॅट होता.

हे पहिल्यांदा घडले नाही. २०२० मध्ये महाराष्ट्राने वापरलेला साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, प्लेगच्या काळातला. तेव्हा उलटे होते : घरात शिरून माणूस ओढून छावणीत न्यायचा. ज्या जातींकडे पैसा होता त्यांनी मुंबईत आपापल्या जातीची प्लेग रुग्णालये उभारली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी पुण्याबाहेर हडपसरजवळ, उघड्या माळावर, डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर सावित्रीमाईंनी पाठीवर तिथे आणले आणि १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगने त्या गेल्या. आपण त्यांच्या त्यागाचे गोडवे गातो, ठीक आहे. पण रुग्णाला वेगळे ठेवायचे तर जागा, अन्न आणि सेवा करणारे हात आधी उभे करावे लागतात, हा त्यातला व्यवहार आपण विसरतो.

प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे संसार केला. त्याआधी डबक चाळीतली एकच खोली होती. तिथेच जाते, तिथेच बकरी. रामजीबाबा पहाटे दोनला भीमरावांना उठवत, कारण दोघांना एका वेळी आडवे व्हायला जागा नव्हती. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती घराचीही वाटते. त्या खोलीत कोणाला प्लेग झाला असता तर वेगळे कुठे ठेवले असते?

आणखी एक. विलगीकरण आणि बहिष्कार यांत फरक आहे. विलगीकरणात ताट दारापर्यंत येते, तब्येतीची चौकशी होते आणि मुदत संपते. बहिष्कारात यातले काहीच नसते. शतकानुशतके वेशीबाहेर ठेवलेल्या समाजाला 'अंतर ठेवा' हा शब्द टोचतो, तो उगाच नाही. म्हणून पाड्यावर साथ आली की आजारी माणसाच्या घराकडे कोणी फिरकेनासे होणे, हे आधी आपणच रोखले पाहिजे.

म्हणून तयारी घराघरांत सुटी नको, पाड्याची एकत्र हवी. पडवीला ताडपत्रीचा आडोसा बांधला तर रुग्णाला वारा लागतो आणि घरचे वेगळे राहतात. त्याचा हंडा, ताट, अंथरूण वेगळे. रेशन आणि पाणी कोण आणणार, दिवसाची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटणार, रात्री दम लागला तर कोणाची गाडी निघणार, हे साथ येण्याआधी ठरवायचे. आणि ज्या घराला पडवीच नाही त्याच्यासाठी शाळेची खोली मागायची, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन.