पॅरिसच्या खाणी आणि अळंबीचा सॉस

गोमांसातील ‘फिले’ म्हणजेच टेंडरलॉइन हा भाग लोण्यावर परतून त्यावर क्रीम आणि अळंबीचा दाट सॉस घालण्याची पद्धत आज युरोप-अमेरिकेतील घरगुती स्वयंपाकात रुळलेली असली, तरी तिच्यातील घटक सामान्य घरापर्यंत निरनिराळ्या वाटांनी आणि निरनिराळ्या काळात पोहोचले. पाठीच्या कण्याला आतल्या बाजूने लागून असलेल्या या स्नायूला फारसे श्रम पडत नसल्यामुळे तो मऊ राहतो; मात्र मोठ्या जनावरातही तो थोडाच निघत असल्याने कायम महाग राहिला आहे आणि चरबी कमी असल्याने त्याची चवही सौम्य असते. ही उणीव भरून काढण्याचे काम सॉसकडे आले. त्या सॉसचा इतिहास मुख्यतः अळंबीच्या लागवडीचा इतिहास असून त्याचा मोठा भाग पॅरिस शहराच्या पोटात घडला.

सतराव्या शतकापूर्वी युरोपातही अळंबी, कोकणात पावसाळ्यात वारुळांवर उगवते तशी, निसर्ग देईल तेव्हाच मिळत असे. पॅरिसभोवतालचे मळेवाले घोड्याच्या लिदीच्या उबेवर खरबुजे पिकवत, आणि त्या जुन्या खतावर अळंबी उगवते हे ध्यानात आल्यावर ते तिचीच लागवड करू लागले. 1651 मध्ये ला व्हारेन या फ्रेंच आचाऱ्याचा पाकग्रंथ प्रसिद्ध झाला. मध्ययुगातील तीव्र मसाल्यांऐवजी लोणी, मांसाचा रस्सा आणि अळंबी यांच्या आधारे सॉस करण्याचे वळण फ्रेंच स्वयंपाकाला लावणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. 1707 मध्ये तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने विज्ञान अकादमीपुढे या लागवडीचे तपशीलवार वर्णन मांडले.

तरीही उघड्यावरचे हे पीक उष्मा आणि थंडी यांच्या मर्जीवर होते. पॅरिसमधील इमारतींसाठी चुनखडीचा दगड शतकानुशतके शहराखालूनच काढला गेल्याने तेथे बोगद्यांचे विस्तीर्ण जाळे तयार झाले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मळेवाल्यांनी या सोडून दिलेल्या खाणींत लागवड नेली. अळंबी ही बुरशी असून तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तिला वाढीसाठी सूर्यप्रकाश लागत नाही. गारवा, दमटपणा आणि स्थिर तापमान एवढ्यावर तिचे भागते, आणि खाणीत ते बारमाही मिळत असे. शहरातील असंख्य घोड्यांची लीद कुजवून खाली उतरवली जाई, तिचे वरंबे घालून त्यांत बीज पेरले जाई आणि वरून मातीचा पातळ थर दिला जाई. दिव्याच्या उजेडात, वाकून चालणाऱ्या मजुरांनी पिकवलेली ही अळंबी ‘पॅरिसची अळंबी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

बीजाच्या बाबतीत मात्र अनिश्चितता होती, कारण जुन्या वरंब्यातून घेतलेल्या बीजाबरोबर रोगही पसरत. 1894 मध्ये कॉस्तांतँ आणि मात्रुशो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी निर्जंतुक माध्यमावर शुद्ध बीज वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे अशा बीजामुळे लागवड अधिक भरवशाची झाली. शहर वाढले आणि मोटारींनी घोड्यांची जागा घेतली, तशी लागवड पॅरिसबाहेर, विशेषतः ल्वार नदीकाठच्या सोमूर भागातील दगडखाणींकडे सरकली.

क्रीमची कथा याहून आटोपशीर आहे. क्रीम म्हणजे तापवलेल्या दुधावरची साय नव्हे, तर न तापवलेल्या दुधावर तरंगून येणारा स्निग्ध थर. तो जमण्यासाठी दूध तासन्‌तास ठेवावे लागे. 1878 मध्ये स्वीडनच्या दे लाव्हाल याने सतत चालणारे विलगीकरण यंत्र तयार केल्यावर ताजे क्रीम मोठ्या प्रमाणावर काढणे शक्य झाले. हे घटक एकत्र येण्यास किती वेळ लागला, याची साक्ष रशियातील ‘स्ट्रोगानॉफ’ हा पदार्थ देतो: येलेना मोलोखोवेट्स यांच्या ग्रंथातील 1871 च्या कृतीत गोमांस, मोहरी आणि आंबट क्रीम आहे, परंतु आज या पदार्थात सर्रास आढळणारी अळंबी नाही.

अमेरिकेत 1934 मध्ये कॅम्पबेल कंपनीने डबाबंद ‘क्रीम ऑफ मशरूम’ सूप बाजारात आणले आणि गृहिणींनी ते तयार सॉससारखे वापरले. ताज्या सॉसची रीतही अवघड नाही: मांस परतून बाजूला काढावे, त्याच भांड्यात अळंबी तिचे पाणी आटून तांबूस होईपर्यंत परतावी, रस्सा घालून तळाशी चिकटलेला अर्क सोडवावा आणि क्रीम ओतून दाटपणा येईपर्यंत उकळावे. ही चव घरच्या चुलीवर आणण्याचे श्रेय नामवंत आचाऱ्यांना दिले जाते. पण ते जितके त्यांचे, तितकेच खाणीच्या अंधारात लीद वाहणाऱ्या आणि वरंबे राखणाऱ्या अनाम मजुरांचे आहे.