गाडीचे मूळ रूप कोणाचे?

जुन्या मोटारींविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस असतात, चकचकीत पितळी दिवे असतात आणि दक्षिण मुंबईतल्या रविवारच्या फेऱ्या असतात. मुंबईच्या उपनगरांचा या इतिहासातला वाटा वेगळा आहे. मध्यमवर्गाच्या गाड्या इथे नुसत्या चालल्या नाहीत, त्या इथेच घडल्या. आज त्यातल्या काही पुन्हा उभ्या केल्या जात आहेत, तेव्हा हा वाटा नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते.

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. सुरुवातीला डॉज, प्लिमथ या अमेरिकी गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५०च्या दशकातली गोलसर ‘अकराशे’ मुंबईकरांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झाली. १९६०च्या दशकात चौकोनी बांध्याची ‘डिलाइट’ आली. तीच गाडी थोड्या फरकाने ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४च्या सुमारास ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगलगतचा गिअर ही तिची ओळख.

कुर्ल्याहून आग्रा रोडने, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाने, उत्तरेकडे गेले की घाटकोपर, विक्रोळी ओलांडून भांडुप लागते. तिथे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५०च्या दशकात लॅम्ब्रेटा स्कूटरची जुळणी सुरू केली. मिलानच्या लॅम्ब्राते भागावरून नाव पडलेली ही स्कूटर पुढे भांडुपमध्ये ‘लॅम्बी’ झाली. मुलुंड-घाटकोपरच्या अनेक घरांतले पहिले स्वयंचलित वाहन असे दोन-चार स्टेशनांच्या अंतरावर बनलेले होते.

त्या गाड्या इतकी वर्षे घरात का राहिल्या, याचे उत्तर हौसेत नाही, टंचाईत आहे. आयात जवळपास बंद होती, उत्पादन परवान्याने बांधलेले होते आणि १९५९च्या सरकारी आदेशाने मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आले होते. पैसे भरून नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेली गाडी कोणी सहज विकत नसे. ती दुरुस्त होत राही. दुरुस्तीची ही सवय हीच आजच्या पुनरुज्जीवनाची पूर्वपीठिका होय. डेंटर, पेंटर, वायरमन, कुशनवाला ही साखळी उपनगरातल्या गल्लीबोळांत तेव्हाच तयार झाली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या सुट्या भागांचा बाजारही याच गरजेवर जगला.

प्रत्यक्ष कामात दोन वाहने दोन वेगळे प्रश्न विचारतात. लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा. बाजूचे पत्रे त्यावर बसवलेले. पत्रा कुजला तर तो काढून दुसरा बसवता येतो. फियाटचे तसे नाही. तिला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दरवाज्याखालच्या पट्ट्या आणि बॉडी मिळूनच गाडीचा भार पेलतात. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आधी तिथेच लागतो. वरून रंग चकाकत असतो आणि गालिचा उचलला की खालचा रस्ता दिसतो. अशा गाडीत नवे फ्लोअर वेल्ड करणे म्हणजे नुसती डागडुजी नव्हे. गाडीचा कणाच बदलण्यासारखे ते आहे.

इथेच कायदा समोर येतो. केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपातली खाजगी दुचाकी वा चारचाकी तिला पात्र ठरते. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई.

पन्नाशीच्या आतल्या गाडीला मात्र साधी फेरनोंदणी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी, त्यात पर्यावरण कर. २०२५मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आणि दुचाकीचे २,००० रुपये झाले. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. म्हणजे बहुतेक पद्मिनी आज अशा वयात आहेत, की कायद्याच्या लेखी त्या जुनाटही आहेत आणि वारसा ठरण्याइतक्या जुन्याही नाहीत. टॅक्सी म्हणून तिची कारकीर्द ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. २० वर्षांच्या वयोमर्यादेने शेवटची नोंदलेली टॅक्सीही बाद झाली. आता जी काही पद्मिनी उरेल, ती घराघरांतच.

पण घरातली गाडी ‘मूळ रूपात’ क्वचितच असते. वडिलांनी छपरावर कॅरिअर बसवलेला असतो, कोकणात जाताना बिछान्याची वळकटी बांधायला. पांढरा रंग कंटाळून निळा केलेला असतो. आईने शिवलेली सीटकव्हरे असतात. कारखान्याच्या दृष्टीने हे सगळे फेरफार. कुटुंबाच्या दृष्टीने हीच गाडी. पुन्हा उभी करताना कॅरिअर काढला, रंग मूळचा केला, तर स्पर्धेत बक्षीस मिळू शकेल; पण भावंडे म्हणतील, ही आपली गाडी नव्हे.

माझ्या मते या प्रश्नाला एकच उत्तर नाही, पण एक पथ्य आहे. काम सुरू करण्याआधी गाडी जशी आहे तशी टिपून ठेवावी. रंगाचे थर खरवडताना प्रत्येक थराचा फोटो घ्यावा. काढलेला भाग भंगारात न देता चिठ्ठी लावून जपावा. आरसी बुक, विम्याचे कागद, गॅरेजची बिले एका फाइलमध्ये ठेवावीत. कोणत्या साली काय बदलले, हे त्यांतूनच कळते. आणि ज्यांनी ती गाडी चालवली, त्यांना आजच विचारून घ्यावे. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आता इमारती आहेत, प्रीमियर हे नाव तिथल्या रस्त्याला उरले आहे. कारखान्याच्या नोंदी आपल्या हाती नाहीत. घरच्या फाइली मात्र आहेत, आणि सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाला, की माळ्यावरून सर्वांत आधी त्याच खाली रद्दीत जातात.