शेवटचा शब्द कोणाचा?

बँकेतील खात्याची शिल्लक, आगगाडीचे आरक्षण, विजेचे देयक, शाळेतील मुलाचे गुणपत्रक या सर्व गोष्टी आज ज्या भांडारात राहतात त्याला डेटाबेस म्हणतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. या भांडाराचा कारभार अहोरात्र पाहणारा जो प्रोग्रॅम, तो डेटाबेस सर्व्हर. परंतु या कारभाऱ्याच्या शेजारी साध्या अक्षरांत लिहिलेली एक लहानशी फाइल असते, आणि तो जागा झाला की सर्वांआधी ती वाचतो, हे फारसे कोणाला माहीत नसते. स्मृती किती वापरावी, दार कोणासाठी उघडावे, अक्षरे कोणत्या संकेताने साठवावी, लिहिलेले तत्काळ तबकडीवर उतरवावे की थोडे थांबावे, अशा आज्ञा तिच्यात असतात. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. आजच्या भाषणापुरते आपण तिला आज्ञापत्र म्हणू. तिचा इतिहास अवघ्या काही दशकांचा. पण त्या इतिहासात जो प्रश्न वारंवार उभा राहतो तो राज्यकारभाराइतकाच जुना आहे: दोन आज्ञा परस्परविरोधी असल्या तर शेवटचा शब्द कोणाचा?

आरंभ थोडा मागे जाऊन केला पाहिजे. १९७० साली अमेरिकेतील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे इंग्रज गणितज्ञ एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला कळण्याची गरज पडू नये, असा त्यांचा आग्रह होता. माहिती ओळी आणि स्तंभ असलेल्या तक्त्यांत ठेवावी; मागणाऱ्याने काय हवे तेवढे सांगावे; ते कोठून व कसे आणावे ही विवंचना यंत्राची. हे वचन पुढे पुष्कळ अंशी खरे झाले. तथापि जे ज्ञान वापरणाऱ्याच्या डोक्यावरून उतरले ते नाहीसे झाले नाही. ते कोणीतरी उचललेच पाहिजे होते. ते व्यवस्थापकाकडे आले, आणि त्याच्याकडून एका फाइलीत येऊन बसले.

कॉड यांच्या कल्पनेवर कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी १९७० च्या दशकात 'इंग्रेस' हा डेटाबेस उभा केला. त्याच्या नंतरचा म्हणून 'पोस्टग्रेस'; त्याचे काम १९८६ साली सुरू झाले. १९९६ साली त्याला पोस्टग्रेएसक्यूएल हे आजचे नाव मिळाले आणि विद्यापीठाबाहेरचे, जगभर विखुरलेले स्वयंसेवक तो पुढे नेऊ लागले. त्या दिवसांत या सर्व्हरला आज्ञा देण्याची मुख्य रीत अशी की, त्याला सुरू करतानाच एकेक अक्षर सांगायचे. मोठे 'बी' म्हणजे स्मृतीतील कप्प्यांची संख्या. लहान 'आय' म्हणजे जाळ्यावरून येणाऱ्यांना दार उघड. मोठे 'एफ' म्हणजे लिहिलेले तबकडीवर उतरल्याची खातरजमा करीत बसू नकोस. हे शेवटचे अक्षर वेग वाढवी खरे, पण ऐन वेळी वीज गेली तर भांडार मोडकळीस येण्याची भीती असे. ज्या अक्षरावर लोकांच्या नोंदींचे भवितव्य अवलंबून, ते कोणा एकाच्या टिपणवहीत किंवा नुसते स्मरणात असावे, ही व्यवस्था फार काळ चालण्यासारखी नव्हतीच.

२००० साली पीटर आयझेनट्राउट यांनी या विखुरलेल्या आज्ञा एका सूत्रात बांधण्याचे काम केले. या योजनेचे नाव 'ग्रँड युनिफाइड कॉन्फिगरेशन', म्हणजे भव्य एकीकृत मांडणी. नावात थोडी थट्टा आहे, पण काम गंभीर होते. २००१ च्या एप्रिलमध्ये ७.१ ही आवृत्ती निघाली आणि 'पोस्टग्रेएसक्यूएल डॉट कॉन्फ' ही फाइल तिच्याबरोबर आली. अक्षरांच्या जागी आता वाचता येतील अशी नावे आली. प्रत्येक नावापुढे बरोबरीचे चिन्ह आणि मूल्य. ज्या ओळीच्या आरंभी चौकटीसारखे हॅश चिन्ह असेल ती ओळ केवळ टीप. सर्व्हर तिच्याकडे पाहत नाही.

मात्र सुधारणा एका दिवसात पुरी होत नाही. या फाइलीत स्मृतीच्या एका आज्ञेपुढे १००० लिहिले तर त्याचा अर्थ ८ किलोबाइटचे १००० कप्पे, म्हणजे सुमारे ८ मेगाबाइट. दुसऱ्या आज्ञेपुढे तेच १००० लिहिले तर सुमारे १ मेगाबाइट. मापे लिहायची सोयच नव्हती. पायली आणि शेर यांचा उल्लेख न करता नुसते आकडे लिहिलेल्या कोठीच्या वहीसारखाच हा प्रकार. २००६ च्या अखेरीस आलेल्या ८.२ या आवृत्तीत आकड्यापुढे माप लिहिता येऊ लागले. दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म होता. एखादी आज्ञा मागे घ्यावी म्हणून व्यवस्थापक तिच्या ओळीपुढे हॅश चिन्ह टाकी आणि सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला सांगे. सर्व्हर फाइल वाची, ओळ टीप झाली आहे असे पाही, आणि जुनेच मूल्य चालू ठेवी! सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत रद्द झालेला हुकूम अंमलात राही. २००८ च्या फेब्रुवारीत आलेल्या ८.३ या आवृत्तीने ही विसंगती दूर केली.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. १९९५ साली स्वीडनमध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसचा जन्म झाला. त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांच्या कन्येचे नाव 'माय'. तेच डेटाबेसला मिळाले आणि त्याच्या आज्ञापत्रालाही: 'माय डॉट सीएनएफ'. येथे आज्ञापत्र एक नाही, अनेक असू शकतात. युनिक्स जातीच्या यंत्रावर सर्व्हर आधी 'ईटीसी' या निर्देशिकेत पाहतो, मग तिच्यातील मायएसक्यूएलच्या उपनिर्देशिकेत, आणि पुढे आणखी काही ठरलेल्या जागी. प्रत्येक ठिकाणी सापडलेली फाइल तो क्रमाने वाचतो आणि नियम असा की, जी आज्ञा शेवटी वाचली ती खरी. सर्व्हर सुरू करताना तोंडी सांगितलेली आज्ञा साध्या फाइलींच्याही वर. बडोदे संस्थानच्या दप्तरात 'हुजूर हुकूम' या शब्दाला काय वजन होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही उतरंड परकी वाटणार नाही. नंतरचा हुकूम आधीच्याला झाकतो. पण संस्थानात हुकमावर तारीख आणि शिक्का असे. येथे फाइल कोठे पडली आहे एवढ्यावरच तिचा अधिकार ठरतो. व्यवस्थापक एका फाइलीत मूल्य बदलतो, सर्व्हर पुन्हा सुरू करतो, आणि काहीच बदलत नाही, कारण दोन पायऱ्या पुढे कोणी तरी पूर्वी ठेवलेली दुसरी फाइल त्याचे बोलणे खोडीत असते. सर्व्हरसाठीची आज्ञा चुकून ग्राहक-प्रोग्रॅमच्या सदराखाली लिहिली तरीही हेच.

या नियमाला एक मार्मिक अपवाद ठेवला आहे. सर्व्हरने यंत्रावर कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने काम करावे, ही आज्ञा अनेकदा आली तर मात्र पहिली खरी मानतात, शेवटची नव्हे. मागाहून आलेल्या कोणा उपटसुंभाने सर्व्हरला अधिक अधिकाराच्या गादीवर बसवू नये यासाठी ही खबरदारी. शेवटच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांनीच हे एक कुलूप उलट्या दिशेने लावून ठेवले, यात मला मोठे शहाणपण दिसते.

ज्यांना इतके समजून घ्यायला वेळ नव्हता त्यांच्यासाठी मायएसक्यूएलबरोबर नमुन्याची आज्ञापत्रे येत. त्यांची नावे लहान, मध्यम, मोठी आणि प्रचंड. 'मोठी' ही ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रासाठी, आणि 'प्रचंड' ही १ ते २ गिगाबाइटसाठी! खिशातला फोनही एवढी स्मृती बाळगू लागला तरी ही नावे तशीच होती. २०१३ साली आलेल्या ५.६ या आवृत्तीतून ती अखेर काढून टाकण्यात आली.

या सर्वांहून आपल्याशी जवळचा संबंध असलेली आज्ञा आहे ती अक्षरांच्या संकेताची. आज्ञापत्रात काहीच लिहिले नाही तर सर्व्हर जे गृहीत धरतो त्याला डीफॉल्ट म्हणतात. जन्म स्वीडनचा असल्यामुळे मायएसक्यूएलचे डीफॉल्ट होते 'लॅटिन-१' ही लिपी आणि शब्दांची क्रमवारी स्वीडिश. या संकेतात देवनागरीला जागाच नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतात ३ बाइट घेते. त्याची सोय मायएसक्यूएलमध्ये २००४ साली ४.१ या आवृत्तीने झाली, परंतु ती मागून घ्यावी लागे. ज्याने मागितली नाही त्याच्या तक्त्यात मराठी नाव शिरले की सर्व्हर, तक्रार न करता, प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होई. 'गोवा' या शब्दात काना-मात्रा धरून ४ चिन्हे आणि 'पुणे' यातही ४. दोन्ही गावांची ४ प्रश्नचिन्हे. 'इंदूर' आणि 'बडोदे' यांची प्रत्येकी ५. एकदा हे घडले की त्या प्रश्नचिन्हांतून मूळ गाव कोणते ते जगातला कोणताही पंडित सांगू शकत नाही, कारण मूळ अक्षरे कोठेही उरलेली नसतात. एका ओळीच्या अभावी माणसाचे नाव गाव पुसले जाते, आणि पुसणाऱ्याला ते कळतही नाही.

२०१५ साली ५.७ या आवृत्तीने निदान मौन सोडले; कडक शिस्त हे डीफॉल्ट झाले आणि न मावणारे अक्षर आले की सर्व्हर नोंद नाकारून चूक दाखवू लागला. लॅटिन हे डीफॉल्ट मात्र २०१८ साली ८.० ही आवृत्ती येईतो गेले नाही. तेवीस वर्षे जगातील असंख्य तक्ते एका देशाच्या लिपीक्रमात उभे राहिले, ते कोणी तसे ठरवले म्हणून नव्हे, तर कोणी काहीच ठरवले नाही म्हणून.

असेच मौन दाराच्या बाबतीत अधिक महाग पडले. मोंगोडीबी हा २००९ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकन डेटाबेस. आरंभीच्या आवृत्त्यांत तो यंत्राला जोडलेल्या प्रत्येक जाळ्यावर कान देऊन बसे आणि येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारीत नसे. हे बदलण्यास आज्ञापत्रातील दोन-तीन ओळी पुरेशा होत्या. २०१५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील सारलँड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी असे जवळजवळ ४०,००० उघडे डेटाबेस शोधून दाखवले. इशारा मिळाला, पण ओळी लिहिल्या गेल्या नाहीत. २०१७ च्या जानेवारीत चोरांनी असे हजारो डेटाबेस रिकामे केले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. लिनक्ससाठीच्या अधिकृत संचांत २०१४ पासून दार आतल्या बाजूनेच उघडे ठेवण्याची पद्धत आली होती; सर्व संचांना ती लागू झाली २०१७ च्या अखेरीस, ३.६ या आवृत्तीत.

आज्ञापत्र हेच शस्त्र कसे होऊ शकते हे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये डाविड गोलुन्स्की या संशोधकाने दाखवले. मायएसक्यूएलला आपल्या कामाची रोजनिशी कोणत्या फाइलीत लिहावी हे सांगता येते. पुरेसे अधिकार असलेल्या खात्यात शिरलेला घुसखोर ती रोजनिशी थेट आज्ञापत्रातच लिहायला लावू शकत होता, आणि आपल्या मनातल्या ओळी त्यात उतरवू शकत होता. पुढच्या वेळी सर्व्हर सुरू करणारा, यंत्रावरील सर्वोच्च अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम त्या ओळी प्रामाणिकपणे वाची आणि घुसखोराने दाखवलेली परकी संहिता आत घेई. ज्या फाइलीत कोणालाही लिहिण्याची मुभा आहे ती सर्व्हर वाचीतच नाही, ही जुनी खबरदारी येथे उपयोगी पडली नाही, कारण लिहिणारा हात सर्व्हरचा स्वतःचाच होता. ही फट त्याच सुमारास बुजवण्यात आली.

राहिला शोधण्याचा प्रश्न. चालू असलेले मूल्य कोणत्या फाइलीतून आले हे सर्व्हरलाच विचारता यावे, ही साधी गोष्ट उशिरा सुचली. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००९ सालच्या ८.४ या आवृत्तीपासून प्रत्येक आज्ञेची फाइल आणि ओळीचा क्रमांक तक्त्यात पाहता येतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.० ने केली. त्याच काळात आज्ञापत्र हाताने न उघडता सर्व्हरकरवी कायमची आज्ञा देण्याची रीतही दोघांत आली, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१४ साली, मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली. अशी आज्ञा एका वेगळ्या, सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या फाइलीत जाते आणि ती इतर फाइलींच्या नंतर वाचली जाते. म्हणजे हाताने लिहिलेल्या आज्ञापत्रावर आणखी एक हुकूम चढला. जेथे आज्ञापत्रे बाहेरून, अनेक यंत्रांसाठी एकत्र लिहिली जातात, तेथील व्यवस्थापकांना ही ढवळाढवळ नको होती. म्हणून २०२४ साली पोस्टग्रेएसक्यूएलच्या १७ व्या आवृत्तीत ती रीतच बंद करण्याची एक आज्ञा देण्यात आली. ही आज्ञा अर्थातच आज्ञापत्रात लिहावी लागते, आणि तिला संरक्षणाचे साधन समजू नये, असे तिच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिले आहे.